युद्धालाही गाळणं लावा



आज स्वयंपाकघरातून सुरुवात करते, कारण आपल्याला धर्म शिकवला तो आधी स्वयंपाकघरानंच. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं. गाळून झालं की कापड उलटं करून त्यातले जीव ज्या विहिरीचे असतील त्या विहिरीत अलगद सोडायचे. चूल पेटवण्याआधी लाकूड झटकायचं. धान्य निवडून घ्यायचं. सूर्य मावळायच्या आत जेवण आटपायचं. लहानपणी हे सगळं का करायचं ते कुणी समजावलं नाही, पण हाताला वळण लागलं. आता घरात फिल्टर आला, विहीर गेली, तरी नळाला पांढरं फडकं बांधलेलं घर दिसलं की ते आपल्यांतलं आहे हे लांबूनच कळतं.

एका घागरीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची एवढी काळजी करणाऱ्या आपण, माणसांच्या युद्धाचा विषय निघाला की गाळणं कुठे ठेवून येतो? हा प्रश्न मी आज विचारणार आहे. काहींना राग येईल. आला तरी शेवटपर्यंत वाचा.

सीमेवर काही घडलं की आपल्या स्वाध्याय मंडळाच्या ग्रुपवर दोन प्रकारचे संदेश सुरू होतात. एक प्रकार म्हणजे, "जैनाला युद्ध वर्ज्य. आपला त्याच्याशी काहीही संबंध नाही. आपण णमोकार जपावा." दुसरा प्रकार म्हणजे, "गृहस्थाला विरोधी हिंसा चालते. शास्त्रातच आहे. आता थांबायचं नाही, मुळासकट संपवा!" आणि त्याखाली स्फोटांचे व्हिडिओ, त्याखाली टाळ्या वाजवणारे हात, आणि त्याच्या खाली उद्याच्या शांतिधारेची वेळ.

या दोन्ही बाजू मला मान्य नाहीत. दोन्ही शास्त्राचं नाव घेतात आणि दोन्ही शास्त्र अर्धंच वाचतात.

आधी पहिली बाजू, कारण ती दिसायला जास्त सात्त्विक आहे.

"आपला संबंध नाही" असं म्हणणाऱ्या ताईंना माझा साधा प्रश्न आहे. आपण कर भरतो ना? घरातले पुरुष भरतात, आपणही वस्तू घेताना भरतो. त्या पैशातून बंदुका, विमानं, दारूगोळा घेतला जातो. कृत, कारित आणि अनुमोदना, म्हणजे स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि मनानं मान्य केलेलं, हे तीन दरवाजे आपल्याला पाठ आहेत. मग करवून घेण्याच्या दरवाज्यातून आपण केव्हाच आत आलेल्या आहोत. आपलं दुकान रात्री सुरक्षित राहतं, आपल्या मुली कॉलेजला जातात, आपले मुनी विहार करतात, हे सगळं कुणीतरी पहारा देतो म्हणून. पहारा त्यानं द्यायचा, पाप त्यानं घ्यायचं आणि निर्मळ आपण राहायचं, असा हिशेब कोणत्या शास्त्रात आहे?

माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा सैन्यात आहे. ती मंडळात येते, मागच्या ओळीत बसते. एकदा एका ज्येष्ठ बाई तिच्यासमोरच म्हणाल्या, "जैनाच्या पोरानं ही नोकरी धरावी हेच चुकलं." बहीण काही बोलली नाही. आणि पुढच्याच आठवड्यात, बातम्या तापल्या तेव्हा, त्याच मंडळातल्या दुसऱ्या एकीनं तिला म्हटलं, "तुझ्या पोराला सांग, एकालाही सोडू नको म्हणावं!" तेव्हाही ती काही बोलली नाही. एकीनं तिच्या मुलाला पापी ठरवलं, दुसरीनं त्याला स्वतःच्या रागाचं हत्यार केलं. तो सुखरूप आहे का, त्याला झोप लागते का, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. हा लेख लिहायचं मी त्यामुळे ठरवलं.

गृहस्थ आणि मुनी यांच्या वाटा आपल्याकडे पहिल्यापासून वेगळ्या आखल्या आहेत. मुनींचं महाव्रत, आपलं अणुव्रत. हिंसेचे चार प्रकार आपल्या मुलांनाही पाठशाळेत शिकवतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्या इच्छेनं केलेली ती संकल्पी, आणि ती गृहस्थानंही सोडलीच पाहिजे. घरकामात होते ती आरंभी, शेती-व्यापारात होते ती उद्योगी आणि आपल्यावर किंवा आश्रितावर चालून आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. या तिन्हींचा पूर्ण त्याग गृहस्थाकडून होत नाही, हे आचार्यांनी ओळखलं होतं. म्हणून जैन राजे झाले, जैन सेनापती झाले. श्रवणबेळगोळची सुमारे ५७ फुटांची बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी केली ती चामुंडरायानं, आणि तो गंग राजांचा मंत्री तर होताच, सेनापतीही होता. त्या मूर्तीच्या पायाशी त्याच्या नावाचा मराठी लेख कोरलेला आहे, आपण सगळ्यांनी यात्रेत तो पाहिला आहे. त्यामुळे "जैन आणि सैन्य यांचा संबंध नाही" हे म्हणणं इतिहासालाही धरून नाही. देशाचं रक्षण करणारा श्रावक धर्मबाह्य होत नाही. बहिणीला मी हे सांगितलंय, आणि तुम्हालाही सांगते.

आता दुसरी बाजू. सध्या ती जास्त जोरात आहे, म्हणून तिच्यावर मी जास्त बोलणार आहे.

"विरोधी हिंसा चालते." यातल्या "चालते" या शब्दावर माझा आक्षेप आहे. चालते म्हणजे काय? आरंभी हिंसाही गृहस्थाला सुटत नाही. मग आपण न गाळता पाणी पितो का? निवडल्याशिवाय पीठ दळतो का? "आरंभी हिंसा चालते" म्हणून रात्री बारा वाजता स्वयंपाक लावतो का? उलट जिथे हिंसा पूर्ण टळत नाही, तिथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त नियम आहेत. यत्नाचार तिथेच शिकवला. उद्योगी हिंसा सुटत नाही, म्हणून कोणता धंदा करायचा आणि कोणता नाही याची यादी केली. मग चार प्रकारांतला हा एकच, विरोधी, असा कसा झाला की त्याला ना गाळणं, ना वेळ, ना मर्यादा? ज्यात मुंगी मरते तिथे शंभर नियम आणि ज्यात माणूस मरतो तिथे मोकळं रान? शास्त्रानं दिलेली ती सवलत होती. आपण तिचा परवाना केला.

आणि शब्द नीट बघा. विरोधी म्हणजे चालून आलेल्याला अडवणं. "मुळासकट संपवा" ही इच्छा मनात आली, की ती विरोधी राहिलीच नाही, संकल्पी झाली. मारणं हाच हेतू झाला. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसता जीव जाणं धरलेलं नाही, प्रमादानं, कषायानं जीव जाणं धरलं आहे. अमृतचंद्राचार्य पुरुषार्थसिद्ध्युपायात आणखी पुढे जातात. मनात राग-द्वेष उपजणं हीच हिंसा, समोरचा मरो वा न मरो. म्हणजे सीमेवरचा जवान नाइलाजानं, जड मनानं गोळी झाडतो आणि इथे सोफ्यावर बसलेली बाई चवीनं तो व्हिडिओ तिसऱ्यांदा बघते, तर कर्माचा बंध कुणाला घट्ट? याचं उत्तर द्यायला आपल्याला पंडितजींना बोलवायची गरज नाही.

रौद्रध्यानाचे चार प्रकार आपण पाठ केलेत. पहिलाच हिंसानंदी, म्हणजे हिंसेत आनंद मानणं. दुसरा मृषानंदी, खोट्यात आनंद मानणं. युद्धाच्या दिवसांत जे व्हिडिओ फिरतात त्यांतले कितीतरी जुने असतात, दुसऱ्याच देशातले असतात, काही तर संगणकावरच्या खेळातले असतात. ते खरे आहेत का हे न बघता पुढे पाठवलं की एकाच बोटानं दोन रौद्रध्यानं झाली. आणि अनर्थदंडविरतीचं काय? ते तर श्रावकाचं गुणव्रत. त्यातला अपध्यान हा भाग समजावताना अमृतचंद्राचार्यांनी विनाकारण चिंतन करू नये अशा गोष्टींमध्ये जय, पराजय आणि युद्ध यांची नावंच घेतली आहेत. दुःश्रुती म्हणजे मन कलुषित करणाऱ्या गोष्टी ऐकणं, तेही त्याच व्रतात वर्ज्य. हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांपुढे टीव्हीवरची रात्री नऊची चर्चा नव्हती, पण नियम तिला तंतोतंत लागतो.

आता कुणी म्हणेल, "अहो ताई, मग करायचं काय? शत्रू दारात आला तरी विचार करत बसायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आपल्या सगळ्यात मोठ्या युद्धकथेकडे जाऊ.

भरत आणि बाहुबली. गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे, पण तिच्यातला एक प्रसंग आपण घाईनं ओलांडतो. भरत दिग्विजय करून परत आला, चक्ररत्न अयोध्येच्या वेशीवर अडलं, कारण भाऊ नमले नव्हते. बाकीच्यांनी दीक्षा घेतली, बाहुबली नमले नाहीत. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली. तिथे, ऐन रणांगणावर, दोन्हीकडचे मंत्री एकत्र आले. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात त्यांचा विचार आला आहे, तो माझ्या शब्दांत सांगते. हे दोघेही चरमशरीरी आहेत, यांना काही होणार नाही. मरतील ती माणसं. मग माणसं कशाला मारायची? तुमचं भांडण तुम्ही दोघं मिटवा. म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरलं.

मैत्रिणींनो, युद्धाच्या नीतीवर जगानं पुष्कळ लिहिलं आहे. युरोपात संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धाच्या अटी सांगितल्या. १९४५च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनं दुसऱ्या देशावर बळ वापरायला बंदी घातली आणि स्वसंरक्षणाचा हक्क राखून ठेवला. हे सगळं मोलाचं आहे. पण "ठरवणारे मरत नाहीत आणि मरणाऱ्यांनी ठरवलेलं नसतं" ही गोष्ट आपल्या पुराणातल्या मंत्र्यांनी दोन सैन्यांच्या मधे उभं राहून सांगितली. ते भित्रे नव्हते. त्यांना देशद्रोही कुणी म्हटलं नाही. बाण धनुष्यावर चढलेले असताना "थांबा, याची गरज आहे का?" हे विचारणं आपल्या परंपरेत मंत्र्याचं कर्तव्य होतं. आजच्या राज्यात मंत्री निवडून देणाऱ्या आपण आहोत. मग विचारायचं कुणी?

आणि हेही ध्यानात घ्या की ते युद्ध रक्षणासाठी नव्हतंच. भरताचं राज्य कुणी हिरावत नव्हतं. बाहुबली स्वतःच्या राज्यात बसले होते. हवा होता तो नमस्कार. क्रोध, मान, माया, लोभ यांतला मान. म्हणून पहिली परीक्षा ही, की युद्धानं वाचतंय काय, कुणाचा जीव की कुणाचा मान?

आता पुराणातून बाहेर येऊन आपल्या आयांनी पाहिलेलं एक युद्ध या गाळण्यातून गाळून बघू. १९७१चं.

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी सैन्यानं ढाक्यात आपल्याच नागरिकांवर हत्यार उचललं. विद्यापीठात, वस्त्यांत माणसं मारली गेली. पुढच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयात आले. बायकांवर जे अत्याचार झाले त्यांचा आकडा बांगलादेश सरकारनं पुढे दोन लाख सांगितला. त्या स्त्रियांना "बीरांगना" हा सन्मानाचा शब्द दिला, आणि तरीही कितीजणींना त्यांच्या घरानं परत घेतलं नाही. तेव्हा "आपला संबंध नाही" म्हणणाऱ्या ताईंनी सांगावं, हे बघत बसणं ही अहिंसा झाली असती का? मला नाही वाटत. आश्रयाला आलेल्याला वाचवण्याची ताकद असून न वाचवणं याला आपल्या कोणत्याही आचार्यांनी अहिंसा म्हटलेलं नाही.

म्हणजे पहिल्या परीक्षेत, "वाचतंय काय?" या परीक्षेत, ते युद्ध उतरतं.

दुसरी परीक्षा, दुसरे मार्ग संपले का? मार्च ते डिसेंबर, आठ महिने गेले. निर्वासितांना अन्न दिलं, छावण्या उभ्या केल्या. इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप-अमेरिकेला जाऊन राजधान्यांत सांगत फिरल्या. उपयोग झाला नाही. अमेरिकेचं सरकार पाकिस्तानच्या बाजूनं राहिलं. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध उघड सुरू झालं. पण गाळणं प्रामाणिक हवं, म्हणून दुसरी बाजूही सांगते. मुक्तिवाहिनीला आपण आधीपासून शस्त्रं आणि शिक्षण देत होतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आपलं सैन्य सीमेपलीकडच्या लढाईत उतरलं होतं. शेजारचा शत्रू दुबळा होण्यात आपला फायदा होता, हेही उघड आहे. आणि ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाच्या बाजूनं १०४ देश आणि विरोधात फक्त ११ होते. जग आपल्याला "थांबा" म्हणत होतं.

मग ते युद्ध अशुद्ध झालं का? कापडातून गाळलेलं पाणी तरी पूर्ण निर्जीव कुठे होतं? आपण ते जाणतो, तरी गाळतो. गाळण्यानं पाप शून्य होत नाही, पण टाळता येईल तेवढं टळतं आणि जे टळलं नाही त्याची जाणीव राहते. "पूर्ण शुद्ध नाही म्हणून सगळी युद्धं सारखीच" हेही चूक आणि "आपलं कारण चांगलं म्हणून आपण केलेलं सगळं शुद्ध" हेही चूक.

तिसरी परीक्षा मर्यादेची. आपल्याकडे दिग्व्रत आहे. अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही असं श्रावक-श्राविका आधीच ठरवून ठेवतात, म्हणजे हाव वाढली तरी पाय थांबतात. युद्धाला दिग्व्रत हवं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिम सीमेवरही भारतानं आपणहून केलेली युद्धबंदी अमलात आली. जिंकणारा पुढे जाऊ शकत असताना थांबला. मार्च १९७२ पर्यंत आपलं सैन्य बांगलादेशातून माघारी आलं, तो देश आपण गिळला नाही. सुमारे ९३ हजार युद्धकैदी होते, ते परत गेले. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध, म्हणजे ताब्यातल्या जिवाचं खाणंपिणं तोडणं. बैलाच्या बाबतीत जे आपण पाप मानतो ते शरण आलेल्या माणसाच्या, वेढल्या गेलेल्या गावाच्या बाबतीत पुण्य कसं होईल? दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं लेनिनग्राड शहराला सुमारे ९०० दिवस वेढा घातला, लाखो नागरिक उपाशी मेले. कोणत्याही कारणानं, कोणत्याही देशानं, शत्रूच्या लेकरांचं पाणी आणि धान्य तोडलं, तर जैन बाईनं त्याला "डावपेच" म्हणू नये. आपल्याकडे त्याला नाव आहे.

आता उलट उदाहरण. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं इराकवर हल्ला केला. कारण सांगितलं की तिथे महाविनाशक अस्त्रं दडवली आहेत. त्याआधी फेब्रुवारीत अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, कॉलिन पॉवेल यांनी, संयुक्त राष्ट्रांत पुरावे म्हणून चित्रं आणि ध्वनिफिती मांडल्या. संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस अजून काम करत होते, त्यांना वेळ दिला गेला नाही. युद्ध झालं, देश उद्ध्वस्त झाला, आणि अमेरिकेच्याच तपास पथकानं २००४ मध्ये सांगितलं की तसे साठे नव्हतेच. आपल्या संसदेनं एप्रिल २००३ मध्ये त्या युद्धाचा निषेध केला आणि जुलैमध्ये भारतानं सैन्य पाठवायला नकार दिला. न गाळता प्यायलेलं पाणी असं असतं. तहान लागल्याचा आव आणला, घाई केली आणि घागरीत काय आहे ते कुणी बघितलं नाही. तेव्हा त्या देशांतही घराघरांत बायका टीव्हीसमोर बसून खूश होत्या. त्यांनाही सांगितलं होतं की प्रश्न विचारणारे शत्रूचे मित्र.

काही मैत्रिणी म्हणतात, "रणांगणात मरण आलं तर स्वर्गच मिळतो, मग एवढं वाईट कशाला वाटून घ्यायचं?" इतर परंपरांशी मला वाद घालायचा नाही. पण आपल्या घरात हे बोलताना जपून. श्वेतांबर परंपरेच्या भगवतीसूत्रात गौतम भगवंतांना नेमका हाच प्रश्न विचारतात, की लोक म्हणतात युद्धात मेलेले स्वर्गात जातात, ते खरं का? भगवंत ते नाकारतात. आणि मग वरुण नावाच्या श्रावकाची गोष्ट सांगतात. त्याला राजाज्ञेनं युद्धावर जावं लागलं. त्यानं नियम घेतला होता की जो आपल्यावर आधी वार करील त्याच्यावरच आपण वार करायचा. समोरच्यानं बाण मारला, मग यानं मारला. जखमी झाल्यावर तो रणातून बाजूला गेला, बाण काढला, आलोचना केली आणि समाधीनं देह ठेवला. त्याला सद्गती मिळाली ती शत्रूला मारल्यामुळे नव्हे. युद्धातही त्यानं स्वतःला घातलेली मर्यादा आणि शेवटचा शांत परिणाम यांमुळे मिळाली. आपण दिगंबर हे आगम मानत नसलो तरी गोष्टीतला न्याय आपलाच आहे. गती परिणामांवर ठरते. शहीद जवानाला आपण हात जोडतो ते त्यानं दुसऱ्यासाठी प्राण दिले म्हणून. तेवढं पुरेसं आहे. त्याच्या आईला "स्वर्ग मिळाला, रडू नका" असं सांगणं हे सांत्वन नव्हे. तिला रडू द्या.

चौथी परीक्षा मी मुद्दाम शेवटी ठेवली, ती म्हणजे नंतर काय. आपण रोज प्रतिक्रमण करतो, न कळत चिरडलेल्या एकेंद्रियाचीही क्षमा मागतो. मग युद्ध जिंकल्यावर प्रतिक्रमण का नाही? १९७१ नंतर बांगलादेशात उर्दू बोलणाऱ्या बिहारी लोकांवर सूड उगवला गेला, निरपराधही मारले गेले. विजयाच्या गोष्टीत ते कुणी सांगत नाही. जो समाज आपल्या जिंकलेल्या युद्धातलेही मेलेले दोन्हीकडचे मोजतो, तो पुढचं युद्ध सहज सुरू करणार नाही. चामुंडरायानं आयुष्य रणांत घालवलं. मूर्ती उभारताना मात्र त्यानं जिंकलेल्या चक्रवर्ती भरताची नाही उभारली. जिंकूनही, हातात सगळं आलेलं असताना, ते सोडून जंगलात उभे राहिलेल्या बाहुबलींची उभारली. अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं झाली. सेनापतीला ही मूर्ती हवी होती. आपल्याला टाळ्या वाजवणारे हात हवेत?

कुणी मला विचारेल, "आपण बायकांनी विचारून काय फरक पडणार? निर्णय दिल्लीत होतात." फरक पडतो, आणि वेळही जात नाही. आपण ग्रुपवर प्रश्न विचारला म्हणून सीमेवरच्या एकाही जवानाचा हात अडत नाही. पण आपण टाळ्या वाजवल्या की पुढाऱ्याला कळतं की युद्ध लोकांना आवडतं. अनुमोदना नुसती आत्म्याला चिकटत नाही, ती मतपेटीतही जाते. आणि घरातली मुलं आपल्याकडे बघून शिकतात. मुंगीला वाट देणारी आई टीव्हीवर माणसं जळताना बघून "बरं झालं" म्हणाली, तर मुलगा दोन्हींपैकी काय खरं धरेल?

म्हणून नुसतं बोलून सोडत नाही, नियम सुचवते. आपण दशलक्षणात, अष्टमी-चतुर्दशीला नियम घेतोच. हा त्यांत धरा. देशावर युद्धाची वेळ आली की ते संपेपर्यंत: एक, मारल्याचं दृश्य चवीनं बघणार नाही आणि पुढे पाठवणार नाही. दोन, "संपवा", "एकही उरू नये" असे शब्द तोंडी येऊ देणार नाही. तीन, युद्धाचं जे कारण सांगितलं जाईल त्याला चारही प्रश्न विचारीन. वाचतंय काय, दुसरा मार्ग होता का, थांबायचं कुठे, आणि नंतर काय. चार, ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे त्या घरी जाईन, डबा घेऊन जाईन आणि त्याच्याबद्दल विचारीन.

आणि पाचवं दानाचं. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही आपली चार दानं. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांत भरला आणि ते पाणी रोग्यांना पाजायला त्यांच्या घरच्या माणसांनाच सांगितलं. आधी शंभरातले वीस ते तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आज आपण बाळाला जुलाब झाले की ओआरएस देतो, त्याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा त्या छावणीत मिळाला. आई, बहीण, मावशी, जी कुणी जवळ होती तिनं वाटीवाटीनं पाणी पाजलं आणि माणसं वाचली. युद्धाच्या काळात बाईच्या हाताला काम नसतं असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

युद्ध कधीच करू नये असं मी म्हणत नाही. युद्ध चांगलं असतं असं तर मुळीच म्हणत नाही. कधीकधी ते न करणं जास्त हिंसक ठरतं, तेव्हा ते खाली मानेनं, मोजून आणि लवकर संपवायच्या बेतानं करावं लागतं. ती वेळ खरंच आली आहे का, हे तपासायचं काम आपण वाहिन्यांवर सोपवू नये. घागरभर पाण्यासाठी आपल्या आज्जींनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. "नदीचं आहे, स्वच्छ आहे" असं कितीही जणांनी सांगितलं तरी त्या गाळूनच घेत.

जय जिनेंद्र.